भोपाळची वायुदुर्घटना : मदत थांबल्यानंतर उभे राहिलेले नेते



दरवर्षी २ डिसेंबरला शाळेत राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन ‘साजरा’ होतो. साजरा हा शब्द मला इथे नेहमी खटकतो, पाळला जातो म्हणू या. परिपाठात कुणीतरी दोन मिनिटांचं भाषण करतं आणि त्यात एक वाक्य हमखास असतं, की भोपाळ वायुदुर्घटनेत मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात. पुढे झाडं लावा, प्लॅस्टिक टाळा, आणि टाळ्या.

त्या भाषणात एक गोष्ट राहून जाते. त्या रात्री जे मेले त्यांच्यापेक्षा कितीतरी पट जास्त लोक जगले. अधू फुप्फुसं आणि अधू डोळे घेऊन जगले, घरातली कमावती माणसं गमावून जगले. त्यांचं पुढे काय झालं? त्यांच्या बाजूने कोण उभं राहिलं? आजचा पाठ त्यांच्याबद्दल आहे. जरा मोठा आहे, पण परीक्षेपुरता वाचू नका.

त्या रात्री काय झालं?

हे तुम्ही आपत्ती व्यवस्थापन शिकताना वाचलं असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. भोपाळमध्ये युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना होता. कीटकनाशक तयार करण्यासाठी मिथाइल आयसोसायनेट हे अत्यंत विषारी रसायन लागे आणि ते टाक्यांमध्ये साठवलेलं असे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री अशाच एका टाकीत पाणी शिरलं. रासायनिक क्रिया सुरू झाली, उष्णता आणि दाब वाढत गेला आणि सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती. बाहेर पडणारा वायू धुऊन निष्प्रभ करणारी आणि जाळून टाकणारी अशा ज्या यंत्रणा असायला हव्यात, त्याही वेळेला कामाला आल्या नाहीत.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरत गेला. म्हणून लहान मुलांना जास्त बाधला. जे लोक घाबरून पळाले त्यांना धाप लागली आणि त्यांच्या फुप्फुसांत वायू जास्त गेला. तोंडावर ओलं फडकं धरा आणि पळू नका, एवढं जरी वस्तीला आधी सांगितलेलं असतं तरी बरेच जीव वाचले असते. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या गरीब वस्त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

किती लोक गेले? सरकारचा सुरुवातीचा आकडा २,२५९ होता. नंतर राज्य सरकारने ३,७८७ सांगितला. पुढे भरपाईच्या कामात मृत्यूचे ५,२९५ दावे मान्य झाले. पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट आकडा सांगतात, कारण आजारी पडून नंतरच्या वर्षांत गेलेली माणसं त्या मोजतात. एकाच घटनेचे इतके आकडे का, हा प्रश्न मनात ठेवा. पुढे लागणार आहे.

‘तुमच्या वतीने आम्हीच बोलू’

समजा, तुमची सायकल कुणीतरी मोडली. वर्गप्रतिनिधी आला आणि म्हणाला, ‘यापुढे तुझ्या वतीने मीच बोलणार. तू स्वतः तक्रार करायची नाही.’ तुम्ही हो म्हणालात, कारण समोरचा दांडगा होता. काही दिवसांनी प्रतिनिधी परत आला आणि म्हणाला, ‘मिटवलं मी. तो चाकापुरते पैसे देणार आहे.’ तुम्हाला विचारलं का? नाही. तक्रार परत करता येईल का? तीही नाही.

भोपाळमध्ये साधारण असंच झालं. मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार फक्त भारत सरकारकडे घेतला. त्यामागे कारण होतं, ते न सांगणं अन्यायाचं ठरेल. बलाढ्य परदेशी कंपनी, समोर लाखो गरीब आणि बहुतेक निरक्षर माणसं, आणि दुर्घटनेनंतर काही दिवसांतच अमेरिकेतून भोपाळला येऊन धडकलेले वकील. सरकारने मध्ये पडणं गरजेचं होतं. पण ज्यांचं नुकसान झालं त्यांचा आवाज त्या कायद्यामुळे न्यायालयाच्या दाराबाहेर राहिला.

सरकारने मागितले होते सुमारे ३३० कोटी डॉलर. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली ती ४७ कोटी डॉलरवर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे ७१५ कोटी रुपये. शिवाय कंपनीवरचे फौजदारी खटलेही रद्द. भोपाळमधल्या कुणालाही आधी विचारलेलं नव्हतं. लोकांना ते बातम्यांतून कळलं.

आता त्या वेळचं भोपाळ डोळ्यांसमोर आणा. पहिल्या काही आठवड्यांत देशभरातून डॉक्टर आले, विद्यार्थी आले, धान्य आलं, घोंगड्या आल्या. मग हळूहळू सगळे गेले. जाणारच, प्रत्येकाला आपापलं काम असतं. जे जाऊ शकत नव्हते ते तिथेच राहिले. नेते त्यांच्यातूनच तयार झाले.

जब्बारभाईंचा शनिवार

अब्दुल जब्बार हे मोलमजुरीची कामं करणारे तरुण. वायुगळतीत त्यांच्या घरातली माणसं गेली. त्यांच्या स्वतःच्या फुप्फुसांना आणि डोळ्यांना कायमची इजा झाली. ते वकील नव्हते, डॉक्टर नव्हते, कोणत्या पक्षाचे पुढारीही नव्हते. वस्तीतल्या लोकांना दवाखान्यात नेणं, कागदपत्रं करून देणं यातून सुरुवात झाली आणि लोक त्यांना जब्बारभाई म्हणू लागले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली ‘भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटन’ उभं राहिलं.

या नावाकडे जरा नीट बघा. पीडित हा शब्द आहे, पण त्याच्यानंतर लगेच ‘महिला’ आणि ‘उद्योग’ आहेत. संघटनेची घोषणा होती, ‘खैरात नहीं, रोज़गार चाहिए.’ खैरात म्हणजे दान, भीक. आम्हाला भीक नको, काम द्या.

ही घोषणा ऐकायला छान वाटते म्हणून दिलेली नव्हती. तिच्यामागे रोजच्या जगण्याचा हिशेब होता. वायू फुप्फुसांत गेलेला माणूस हमाली करू शकत नाही, हातगाडी ओढू शकत नाही, जिना चढला तरी त्याला धाप लागते. घरातला पुरुष असा बसून राहिला किंवा गेला, तर चूल पेटवण्याची जबाबदारी बाईवर आली. त्यातल्या अनेक बायका तोवर कामासाठी घराबाहेर पडलेल्याच नव्हत्या. सरकारने शिवणकामाची केंद्रं काढली आणि काही काळाने बंदही केली. जब्बारभाईंच्या संघटनेने मग स्वतःचं केंद्र चालवलं, त्याचं नाव ‘स्वाभिमान केंद्र’. तिथे शिवणकाम, जरदोजीचं भरतकाम अशी कामं हजारो बायका शिकल्या. जरदोजी म्हणजे कापडावर सोनेरी-रुपेरी तारेने केलेलं भरतकाम, जुन्या भोपाळची ती खासियत. बसून करता येतं, छातीवर ताण येत नाही. कामाची निवडसुद्धा किती विचाराने केलेली होती बघा.

मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटते ती त्यांची शनिवारची बैठक. भोपाळमध्ये यादगार-ए-शाहजहानी नावाची एक बाग आहे. तिथे दर आठवड्याला, शनिवारी, पीडित जमत. बहुतेक बायका, बुरख्यातल्या आणि डोक्यावर पदर घेतलेल्या, शेजारी शेजारी बसलेल्या. खटल्याची पुढची तारीख कधी, कोणता कागद कुठे द्यायचा, कुणाचा दावा फेटाळला गेला, दवाखान्यात कुणाला औषध नाकारलं, अशा गोष्टी तिथे बोलल्या जात. वर्षातून एकदा मेणबत्ती मोर्चा काढणं सोपं आहे. दर शनिवारी, तीन दशकांहून जास्त काळ, ऊन असो पाऊस असो, तीच सतरंजी अंथरून बसणं सोपं नाही. टीव्हीवाले फक्त २ डिसेंबरच्या आसपास येत. बाकीच्या शनिवारी कुणी नसे.

या बैठकांमुळे काय झालं? आकड्यांचा प्रश्न मनात ठेवायला सांगितला होता तो आता काढा. भरपाईसाठी दहा लाखांहून जास्त दावे दाखल झाले आणि त्यांतले सुमारे ५ लाख ७४ हजार मान्य झाले. दावा मान्य व्हायला कागद लागे. त्या रात्री तुम्ही भोपाळमध्ये होता याचा पुरावा काय? दवाखान्याची चिठ्ठी कुठे आहे? ज्याचं घरच उधळलं गेलं त्याने चिठ्ठी कुठून आणायची? अशा वेळी तुमच्या शेजारी बसून अर्ज भरून देणारा, तारखेची आठवण करून देणारा माणूस असणं आणि नसणं यावर तुमचं नाव यादीत येणार की नाही हे ठरत होतं. यादीत नाही म्हणजे सरकारच्या लेखी तुम्हाला काही झालेलंच नाही.

स्टेशनरीच्या कारखान्यातल्या दोघी

दुसरी गोष्ट दोन बायकांची. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला. एक मुस्लीम, एक हिंदू. दोघींचं शिक्षण जेमतेम. रशीदा बींचं लग्न अगदी लहान वयात झालेलं, घरात पडद्याची पद्धत. वायुदुर्घटनेनंतर दोघींच्याही घरातली माणसं आजाराने गेली, चंपादेवींचे पतीही गेले.

पीडित बायकांना काम मिळावं म्हणून सरकारने वह्या-कागदाचं सामान बनवणारं एक केंद्र काढलं होतं. तिथे या दोघींची ओळख झाली. काम पूर्ण वेळ, पगार मात्र फारच तुटपुंजा. सरकारी छापखान्यातल्या कामगारांना तसल्याच कामाचे कितीतरी जास्त पैसे मिळत. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं, तुम्हाला दया म्हणून काम दिलंय, तुम्ही कामगार थोड्याच आहात! बघा, खैरात आणि रोजगार यांतला फरक इथे पुन्हा आला. १९८६ मध्ये त्यांनी कामगार म्हणून आपली संघटना केली, ‘भोपाळ गॅस पीडित महिला स्टेशनरी कर्मचारी संघ’.

१९८९ मध्ये या संघटनेच्या बायका पंतप्रधानांना निवेदन द्यायला भोपाळहून दिल्लीला निघाल्या. पायी! अंतर सुमारे ७५० किलोमीटर, बायका शंभराच्या आसपास, बरोबर लेकरं. आपल्याकडे वारीला जाणाऱ्या आजीबाईंना विचारा, चालणं म्हणजे काय ते त्या सांगतील. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. त्याच्या तिप्पट अंतर या बायका निकामी फुप्फुसांनी चालल्या, आणि वारीसारखी गावोगाव जेवणाची सोय लावून ठेवलेली नव्हती.

नंतर २००१ मध्ये डाऊ केमिकल या कंपनीने युनियन कार्बाइड विकत घेतली. डाऊचं म्हणणं, दुर्घटना आमच्या काळातली नाही, जबाबदारी आमची नाही. भोपाळच्या बायकांनी मग घरातलंच हत्यार काढलं, झाडू. ‘झाड़ू मारो डाऊ को’ अशी मोहीम सुरू केली. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेल्या विषारी कचऱ्यामुळे आजूबाजूच्या वस्त्यांचं भूजल खराब झालेलं होतं. त्या कचऱ्याचे नमुने घेऊन या दोघी डाऊच्या मुंबईतल्या कार्यालयात गेल्या, नेदरलँड्समध्येही गेल्या. २००२ मध्ये दिल्लीत १९ दिवसांचं उपोषण झालं.

२००४ मध्ये रशीदा बी आणि चंपादेवी यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम सव्वा लाख डॉलर. दोघींच्या घरी पैशाची चणचण नव्हती असं अजिबात नाही. तरीही त्या पैशातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट सुरू केला. वायुबाधित आणि दूषित पाणी प्यालेल्या कुटुंबांमध्ये जन्मलेल्या अपंग मुलांना तिथे फिजिओथेरपी, बोलण्याचे उपचार, विशेष शिक्षण मिळतं. नाव कुठून आलं? भोपाळच्या मोर्च्यांत बायका एक घोषणा देतात, ‘हम भोपाल की नारी हैं, फूल नहीं चिंगारी हैं.’ चिंगारी म्हणजे ठिणगी.

मिळालं काय आणि राहिलं काय?

तुम्ही विचाराल, सर, एवढं करून काय मिळालं?

सरळ उत्तर द्यायचं तर, बरंच काही मिळालं नाही. बहुतेक जखमींना भरपाई म्हणून मिळाले २५ हजार रुपये, तेही दुर्घटनेनंतर कितीतरी वर्षांनी. कंपनीचा प्रमुख वॉरन अँडरसन १९८४ मध्ये भोपाळला आला, त्याला अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळून तो निघून गेला आणि २०१४ मध्ये मरेपर्यंत खटल्यासाठी एकदाही परत आला नाही. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं आणि शिक्षा दिली दोन वर्षांची. भरपाई वाढवून मिळावी म्हणून केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

पण काही गोष्टी मिळाल्या, आणि त्या आपोआप मिळालेल्या नाहीत. तडजोडीविरुद्ध पीडितांच्या संघटना न्यायालयात गेल्या म्हणून १९९१ मध्ये फौजदारी खटले पुन्हा उभे राहिले. रक्कम बदलली नाही, पण ‘हा गुन्हा होता’ असं म्हणण्याची वाट तरी उघडी राहिली. १९९० पासून दरमहा २०० रुपये अंतरिम मदत मिळू लागली. रक्कम छोटी, आणि पुढे ती भरपाईतून वजाही केली गेली, तरी त्या वर्षांत तिच्यावर चुली पेटल्या. २००४ मधली गोष्ट तर गणिताच्या तासाला सांगावी अशी आहे. तडजोडीचे पैसे डॉलरमध्ये आले होते. वाटप रेंगाळलं, तोवर व्याज साचलं, डॉलरचा भाव वाढला, आणि बरंचसं वाटप झाल्यावरही सुमारे १,५०० कोटी रुपये शिल्लक राहिले. हे पैसे पीडितांचेच आहेत, त्यांनाच द्या, असा आग्रह संघटनांनी धरला. सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिला आणि लोकांना पहिल्याइतकीच रक्कम पुन्हा मिळाली. त्या शिल्लक पैशांकडे कुणी डोळे लावून बसलं नसतं तर ते कुठे गेले असते, याचा अंदाज तुम्हीच करा.

पाण्याचंही तसंच. दूषित हातपंपांच्या वस्त्यांना नळाचं स्वच्छ पाणी मिळावं म्हणून न्यायालयाचा आदेश झाल्यावरही २००६ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये दिल्लीपर्यंत पदयात्रा काढाव्या लागल्या. कारखान्यातला साठवलेला ३३७ टन विषारी कचरा हलवायला तर २०२५ चा जानेवारी उजाडला.

सगळे एकमतानेच होते का?

नाही. आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या पाठांमध्ये थोर माणसं एकमेकांशी कधी भांडतच नाहीत.

भोपाळमध्ये पीडितांची एक नव्हे, अनेक संघटना आहेत. जब्बारभाईंचा परदेशी देणग्यांना विरोध होता. लढा इथल्या लोकांच्या पैशावर आणि इथल्या लोकांच्या पायांवर उभा राहिला पाहिजे, असं त्यांचं मत. दुसऱ्या बाजूला सतीनाथ सारंगी यांच्यासारखे कार्यकर्ते. ते दुर्घटनेनंतर लगेच मदतीसाठी भोपाळला आले आणि परत गेलेच नाहीत. त्यांचा पुढाकार असलेल्या संभावना ट्रस्टच्या दवाखान्यात आधुनिक औषधांबरोबर आयुर्वेद आणि योगाने पीडितांवर मोफत उपचार होत आले, आणि त्याला देशाबाहेरच्या असंख्य साध्या माणसांनी मदत केली. परदेशी कंपनीशी लढायचं तर परदेशातही आवाज उठला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं.

कोण बरोबर? मला स्वतःला वाटतं, दवाखाना चालवायला पैसा लागतो आणि तो कुठून आला यापेक्षा रुग्णाला बरं वाटलं का हे मोठं. पण जब्बारभाईंच्या हट्टाची किंमतही मी कमी समजत नाही. ती किंमत त्यांनी स्वतः मोजली. शेवटच्या काळात मधुमेह होता, पायाची जखम चिघळत गेली, आणि हजारोंना भरपाई मिळवून देणाऱ्या या माणसाच्या उपचारासाठी मित्रांना लोकांकडे पैशाचं आवाहन करावं लागलं. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ते गेले. पद्मश्री त्यांना मरणोत्तर मिळाली.

स्वाध्याय

१. ‘खैरात’ आणि ‘रोजगार’ यांतला फरक पाठातल्या दोन प्रसंगांच्या आधारे तुमच्या शब्दांत लिहा. शब्दकोशातला अर्थ उतरवून काढू नका.

२. १९८५ चा कायदा तुम्ही केला असता तर पीडितांचा आवाज राहावा म्हणून त्यात कोणती तरतूद घातली असती? गटात चर्चा करा. सरकारने मध्ये पडायलाच नको होतं, असं कुणी म्हटलं तर त्याला उत्तरही तयार ठेवा.

३. परदेशी देणग्यांबाबत मी वर माझं मत दिलं आहे. ते खोडून काढणारा दहा ओळींचा परिच्छेद लिहा. चांगला लिहिलात तर मी वर्गात वाचून दाखवीन.

४. प्रकल्प : माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३), कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा महापूर, किंवा तुमच्याच गावातली एखादी दुर्घटना निवडा. पहिल्या महिन्यात मदतीला कोण कोण आलं, आणि आज त्या लोकांकडे कोण जातं, हे मोठ्या माणसांना विचारून दोन याद्या करा. दुसरी यादी रिकामी निघाली तर रिकामीच ठेवा, उगाच भरू नका. आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे त्यांना थेट प्रश्न विचारायला जाऊ नका. आधी शेजाऱ्यांना विचारा, ते म्हणतील तरच जा, आणि वहीत कुणाचंही नाव लिहिण्याआधी परवानगी घ्या.